गुरगुर ऐकणारं घर

कंधार तालुक्यात, मन्याड नदीच्या अंगाला एका गावात तात्या नावाचा शेतकरी राहत होता. बारा एकर रान, एक विहीर, दोन लालकंधारी बैल आणि एक सालगडी. घरात बायको, दोन लेकरं आणि म्हातारी माय. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा. तात्या कष्टाळू होता, व्यवहाराला चोख होता. पण त्याच्या घरात न सांगता एक रीत पडली होती: तात्याला न आवडणारी गोष्ट तात्याला सांगायची नाही. बैल लंगडतोय असं गड्यानं सांगितलं की आधी गड्यालाच बोल लागत. मोटारीला जळका वास येतोय म्हणून सांगायला गेला, तर "तूच कायतरी केलं असशील" एवढं ऐकून तो परत यायचा. होता होता गडी बोलेनासा झाला. तात्याला वाटलं, घरादाराची घडी नीट बसली.

एका वर्षी रानडुकरांनी भुईमुगाचं वावर उकरून टाकलं. तात्यानं ठरवलं, राखणीला चांगलं कुत्रं आणायचं. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, उंट, गाढवं येतात, देवणी आणि लालकंधारी जनावरं येतात, आणि कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. देवाच्या सोबतीला जिथे घोडा आणि कुत्रा असतो, त्या देवाच्या यात्रेत कुत्र्याला मान असणारच. तात्यानं तिथून कारवान जातीचं सात-आठ महिन्यांचं कुत्रं आणलं.

नांदेड-लातूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंतच्या पट्ट्यात ही जात शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. उंच पाय, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ती पश्चिमेकडून इकडे आली असं मानतात. ही कुत्री वासापेक्षा नजरेवर धावतात. पूर्वी ती सशाच्या शिकारीला नेत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर ते काम संपलं आणि राखणीचं तेवढं उरलं. या जातीचा एक स्वभाव जुनी माणसं आवर्जून सांगतात: कारवान घरच्या माणसाला जीव लावतो, परक्याचा हात अंगाला लागू देत नाही.

तात्यानं आणलेल्या कुत्र्याचं मात्र यापेक्षा वेगळं होतं. विकणाऱ्यानं त्याला पिल्लूपणापासून पत्र्याच्या खोलीत एकट्याला बांधून वाढवलं होतं. तात्या जवळ गेला तेव्हा ते जमिनीला चिकटलं, शेपूट पोटाखाली गेली, तोंड दुसरीकडे वळलं. "लई गरीब कुत्रं हाय मालक," विकणारा म्हणाला. तात्यानं पैसे मोजले आणि त्याचं नाव हिरा ठेवलं.

घरी आल्यावर मायनं ओसरीवरूनच त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "लेकरा, ह्ये गरीब न्हाई. भ्यालंय."

"राखणीचं कुत्रं कशाला भेईल, माय? चार दिसांत रुळतंय."

हिरा रुळला नाही. हातात काठी असलेला माणूस दिसला की तो साखळी तोडून पळू बघायचा. मोटारसायकलचा आवाज आला की बाजेखाली शिरायचा. पळायला जागा नसेल तेव्हा गुरगुरायचा. गावातली माणसं हसायची, "तात्या, वाघ आणला का शेरडू?" तात्याला ते लागायचं. मग हिरा गुरगुरला की तात्या चाबकाचा एक फटका ओढायचा. गुरगुर, फटका. गुरगुर, फटका.

"कामून मारलालास त्याला?" माय विचारायची.

"धाक नसला तर डोक्यावर बसंल."

कुणीतरी आणखी एक उपाय सांगितला: बाजारात नेऊन बांधा, गर्दी अंगवळणी पडेल. तात्यानं त्याला कंधारच्या बाजारात नेलं आणि एका खांबाला बांधून ठेवलं. माणसं, हातगाड्या, टेंपो, भोंगे. हिरानं आधी साखळीला हिसके दिले, केकाटला, तोंडाला फेस आणला. मग एकाएकी थांबला. मान खाली घालून उभा राहिला, कुणी अंगावरून हात फिरवला तरी हलला नाही. लोक म्हणाले, "बगा, झाला का न्हाई शांत?" तात्या समाधानानं घरी आला. त्या दिवसापासून हिरानं गुरगुरणं सोडलं. उपाय लागू पडला असं सगळ्यांनाच वाटलं, फक्त मायला वाटलं नाही.

श्रावणी अमावास्येला पोळा आला. बैलांच्या शिंगांना रंग लावले, गळ्यात घुंगरमाळा घातल्या, अंगावर झुली पडल्या. हलगी कडाडत होती. अंगण भाऊबंदांनी भरलं होतं. हिरा लिंबाखाली आखूड साखळीला बांधलेला होता. चुलतभावाचा आठ वर्षांचा मुलगा पुरणपोळीचा तुकडा घेऊन त्याच्याकडे गेला. हिरानं तोंड फिरवलं. जीभ ओठांवरून फिरवली. जांभई दिली. एक पाय उचलला आणि तसाच धरला. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, आणि अंग लाकडासारखं ताठ झालं. आवाज मात्र अजिबात केला नाही. मुलानं वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याच क्षणी हिरानं त्याच्या मनगटाच्या वर चावा घेतला.

एकच गोंधळ उडाला. कुणी हळद आणा म्हणालं, कुणी मिरची भरा म्हणालं. तात्याची बायको शहाणी होती. तिनं कुणाचं काही ऐकलं नाही. मुलाला नळाखाली धरलं आणि वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली. मग त्याला दवाखान्यात नेलं. जखम खोल होती, म्हणून तिथे जखमेत रेबीजविरोधी सीरम दिलं आणि लशीचा पहिला डोस दिला. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायचे होते. एकही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. कुत्र्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं होतं.

संध्याकाळी भाऊबंद ओसरीवर बसले. "न भुकता चावलेलं कुत्रं दगाबाज असतंय," एक जण म्हणाला. "दहा दिस होऊ द्या, मग लिंबोटी धरणाच्या पलीकडं सोडून या." दुसऱ्यानं त्याहून वाईट उपाय सुचवला. तात्या मान खाली घालून ऐकत होता.

सगळे उठून गेल्यावर गडी पुढे आला. हातातलं उपरणं पिळत म्हणाला, "मालक, मला दिसलालतं. कुत्र्याचं अंग ताठ झालतं, डोळं फिरलतं. चावतंय असं मला वाटलतं."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

गडी जमिनीकडे बघत राहिला. "सांगायची छाती झाली न्हाई, मालक."

तात्या काहीच बोलला नाही. आतून माय मात्र बोलली. "हितं दोघं गप हुते, तात्या. एक कुत्रं अन् एक गडी. दोघांन्ला तूच गप केलतंस."

तिनं तात्याला जवळ बसवलं. गडी उठून जाऊ लागला, तर त्यालाही बसायला सांगितलं. मग जी गोष्ट तिनं कधी कुणाला सगळी सांगितली नव्हती ती सांगितली.

१९९३ साल. गौरी-गणपतीला ती औसा तालुक्यात माहेरी गेली होती. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, गाव दमून झोपलं होतं. ३० सप्टेंबरला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर मातीचं जड माळवद. घरं वरून खाली बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तिला दुपारी ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. शेजारी झोपलेली भावजय गेली होती.

"सासरी आल्ते, पर या घरात मला निजता येईना. वर माळवद दिसलं की श्वास कोंडायचा. तुज्या आज्जाला कुणीतरी सांगितलं, एक रात आत कोंडा, सकाळपतोर सवय हुती. कोंडलं मला. मी वरडले, दार बडवलं. मग गप झाले. सकाळी सगळे म्हणाले, निवळली. मी निवळले नव्हते, लेकरा. वरडून उपेग न्हाई, एवढंच कळलतं."

तात्या तेव्हा शाळकरी होता. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, त्या वर्षी थंडीतही अंगणात निजायचे हे त्याला आठवत होतं. का निजायचे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"तुज्या बापानं त्याची बाज माझ्या बाजंशेजारी लिंबाखाली आणली. तोंडानं काई बोलला न्हाई. म्हैनाभरानं म्हणाला, बाज जरा ओसरीकडं घ्यायची का? घेतली. एका राती आभाळ गडगडलं, मी पुन्हा लिंबाखाली. त्यानं माझी बाज उचलून आणून दिली. असं करत ओसरी, मग उंबऱ्याजवळ, मग दार उघडं ठेवून आत. कितीतरी वर्सं गेली. मागं सरकायची मुभा हुती, म्हणून मला फुडं सरकता आलं."

दुसऱ्या दिवशी तात्यानं उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी केली. दहा दिवस उलटले. हिरा ठणठणीत होता, मुलाची जखम भरत आली होती. मग तात्या त्याला टेंपोतून उदगीरला घेऊन गेला. मायही हट्टानं बरोबर गेली.

डॉक्टरीणबाईंनी आधी दुरूनच पाहिलं, मग तोंड बांधून नीट तपासलं. उजवा कान आतून सुजलेला होता, पू झाला होता. "डोक्याला हात लावला की याला कळ येते," त्या म्हणाल्या. "वागणूक बदलली की आधी दुखणं शोधायचं. दुखणाऱ्या जनावराला शिकवता येत नाही." कानाला औषध दिलं, गोचिडांचा बंदोबस्त केला, रेबीजची लस टोचली. मग त्या शांतपणे बोलायला बसल्या.

पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या काळात त्यानं जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं, ते पुढे त्याला ओळखीचं वाटतं. हिराचे ते दिवस पत्र्याच्या खोलीत गेले होते, म्हणून सगळं जगच त्याला परकं होतं. काही भित्रेपणा रक्तातूनही येतो. "म्हणून याची पिल्लं घेऊ नका," बाईंनी स्पष्ट सांगितलं.

"आणि गुरगुरणं?" तात्यानं विचारलं.

"तात्या, गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं तुम्हाला दिलेली वेळ. तो सांगतो, मला भीती वाटते, मागं व्हा. तुम्ही मारून सांगणं बंद केलं. भीती तिथेच राहिली. उलट, माणूस जवळ आला की मार बसतो, हेही त्यात जमा झालं. मग पुढच्या वेळी तो सांगत बसला नाही."

"बाजारात तर शांत झालता."

"शांत झालेलं कुत्रं खातं, हुंगतं, अंग सैल सोडतं. यानं त्यातलं काही केलं का?"

तात्याला आठवलं. बाजारात कुणीतरी भजं टाकलं होतं, हिरानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

बाईंनी मग रशियातली हकिकत सांगितली. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला. पावलोव नावाच्या शास्त्रज्ञाची कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी छताकडे चढत गेलं, कुत्री नाकं वर धरून पोहत राहिली. माणसांनी त्यांना वाचवलं, पण पुढे काही कुत्री आधी शिकलेलं विसरली. बऱ्याच दिवसांनी एका कुत्र्याची घडी पुन्हा बसली होती. तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक धार आत सोडली. तेवढ्यानं ते कुत्रं पुन्हा बिथरलं.

माय ऐकत होती. "बाई, आजून सडकेनं टरक गेला की फळीवरची भांडी वाजत्यात, अन् माजे पाय दाराकडं वळत्यात. तीसच्या वर वर्सं झाली."

"म्हणजे भीती पुसली जात नाही, आजी. तिच्यावर नवा भरवसा चढवावा लागतो, आणि तो पातळ थरांनी चढतो." त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती कशी घालवली, तेही त्यांनी सांगितलं. मुलगा आवडीचा खाऊ खात असायचा आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवलेला असायचा. मुलगा बेचैन होणार नाही इतपतच ससा हळूहळू जवळ आणला. शेवटी मुलानं आपणहून सशाला हात लावला. "आपण तेच करायचं. कुठे थांबायचं ते मात्र हिरा ठरवील."

गावी परतल्यावर काम सुरू झालं. आधी चाबूक माळ्यावर गेला. आखूड साखळी सुटली. हिराची जागा रहदारीच्या अंगणातून घरामागच्या पडवीत गेली. तिथे पाठीशी भिंत होती आणि कुणी येत-जात नव्हतं. कारवानाचं डोकं निमुळतं, नुसता गळपट्टा कानांवरून निसटतो. म्हणून छातीपट्टा आणला आणि दोन्हींना दोर लावले.

मग मुसकं. खळ्यावर बैलाला बांधतात ते तात्याला ठाऊक होतं. बाईंनी कुत्र्यासाठी जाळीचं सांगितलं होतं, ज्यात त्याला तोंड उघडून धापता येईल, पाणी पिता येईल. ते जबरदस्तीनं चढवायचं नव्हतं. तात्याची बायको मुसक्याच्या आत तूप लावलेला भाकरीचा तुकडा ठेवायची आणि हातात धरून बसायची. हिरा नाक आत घालायचा, खायचा, नाक बाहेर काढायचा. कितीतरी दिवस एवढंच. पट्टा बांधायची वेळ आली तेव्हा मुसकं दिसताच तो आपणच तोंड पुढे करू लागला होता.

मुख्य काम बांधावर चाललं. तात्या हिराला घेऊन विहिरीजवळ उभा राहायचा आणि गडी लांब बोरीच्या झाडामागून बाहेर यायचा. गडी दिसला की तात्या उकडलेल्या अंड्याचे तुकडे एकामागून एक द्यायचा. गडी झाडाआड गेला की देणं बंद. आधी माणूस, मग खाऊ, हा क्रम बाईंनी पुन्हापुन्हा सांगितला होता. परक्या माणसाच्या हातानं खाऊ द्यायला त्यांनी मनाई केली होती. भुकेपोटी कुत्रं जवळ जातं, खाऊ संपतो, आणि भीती वाटणाऱ्या माणसाच्या पुढ्यात ते एकटं सापडतं.

हिरानं अंडं घेतलं नाही, किंवा हिसकावून घेतलं, की अंतर कमी पडलं असं समजायचं आणि मागं सरायचं. गडी किती पुढे यायचा ते तात्या ठरवायचा. पहिल्या आठवड्यात तात्यानं दोनदा घाई केली. दोन्ही वेळा गड्याच्या ते आधी ध्यानात आलं. पहिल्या वेळी तो चाचरत, हळूच म्हणाला, "मालक, त्याचं शेपूट खाली गेलंय." तात्याच्या ओठांवर जुनं उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि हिराला घेऊन दहा पावलं मागं गेला. दुसऱ्या वेळी गड्यानं लांबून नुसता हात वर केला आणि तात्या थांबला. त्यानंतर गड्याची नजर हीच त्या कामाची मोजपट्टी झाली. कान कधी मागे गेले, जीभ कधी फिरली, कोणत्या पायावर भार आला, हे गड्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. गडी सांगू लागला, आणि तात्या ऐकू लागला.

एके दिवशी सगळं बिघडलं. सकाळी ट्रॅक्टरचा भोंगा वाजला, दुपारी माकडांनी पत्र्यावर उड्या मारल्या, आणि संध्याकाळी पोस्टमन दारात आला. एरवी लांबून सहन होणाऱ्या माणसावर हिरा पिसाटल्यागत भुंकला. तात्या निराश झाला. त्यानं उदगीरला फोन लावला. "भीतीवर भीती साचते," बाई म्हणाल्या. "सकाळची उतरायच्या आत दुपारची येते. दोन-तीन दिवस त्याला काहीच शिकवू नका. झोपू द्या, रानात शांत फिरवा, हुंगू द्या." तसं केलं. चौथ्या दिवशी हिरा पुन्हा विहिरीजवळ उभा राहून अंडं खात होता.

दिवाळीत फटाक्यांच्या आधीच त्याला पोटभर खायला घातलं, फिरवून आणलं आणि आतल्या खोलीत नेलं. खिडकीला गोधड्या लावल्या, रेडिओ मोठा केला. बाईंनी दिलेलं औषधही वेळेवर दिलं. माय रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिली. हिरा तिच्या मांडीला टेकून थरथरत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "जवळ घेतलं तर भित्रेपणा वाढंल," असं कुणीतरी म्हणालं. मायनं त्याला एवढंच सांगितलं, "अंगणात निजणाऱ्या बाईशेजारी नवऱ्यानं बाज टाकली, तवा तिची भीती वाढली न्हाई."

त्या मार्गशीर्षात हिराला येळवशीला शेतात नेलं नाही. तात्याला सगळ्यांना तो दाखवायची फार इच्छा होती. "तो तुमच्यासाठी बरा होत नाही," बाईंनी सांगितलं, आणि तात्यानं ऐकलं. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र नेलं.

येळवस म्हणजे लातूर-नांदेडकडचा रानातला सण. मार्गशीर्ष अमावास्येला गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप उभी राहिली, आत चुन्यानं रंगवलेले पांडव मांडले. भज्जी, उंडे, खीर आणि मडकंभर आंबील. पाहुणे आले, सोयरे आले. ज्याला हिरा चावला होता तो मुलगाही आला होता. तात्यानं हिराची जागा कोपीपासून लांब, तुरीच्या आडोशाला केली होती. मुसकं होतं, दोन दोर होते, शेजारी माय होती. येणाऱ्या प्रत्येकाला गडी सांगत होता, "कुत्र्याकडं जाऊ नगा, त्याच्याकडं टक लावून बघू नगा."

दुपारी एका पाहुण्याचं लहान पोर चेंडूमागं धावत तुरीकडे आलं. हिरा उठला. अंग ताठ झालं. आणि त्यानं खोल, लांब गुरगुर काढली.

पंगतीतली माणसं दचकली. भाऊबंदांपैकी एक जण म्हणाला, "बगा, दोन वर्सं झाली, आजून गुरगुरतंच हाय."

तात्या उठला. त्यानं पोराला वाटेतच उचललं आणि त्याच्या आईकडे दिलं. मग हिराकडे न बघता, वळसा घालून त्याच्या बाजूला गेला आणि दोर हातात घेऊन त्याला वावराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे हिरानं अंग झटकलं, जमीन हुंगली, तात्याच्या हातातली भाकरी खाल्ली. तात्या परत येऊन म्हणाला, "त्यानं सांगितलं, म्हणून आज कुणाला चावलं न्हाई. दोन वर्सांपूर्वी मी त्याचं सांगणं बंद केलतं. त्येचं फळ या लेकराच्या हातावर हाय." त्यानं चुलतभावाच्या मुलाच्या मनगटावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

हिरा पुढेही भित्राच राहिला. परका माणूस त्याला कधी आवडला नाही आणि पोळ्याच्या गर्दीत त्याला कधी नेलं नाही. पण तो राखण करू लागला, कारण आता रानात काही हललं की भुंकून सांगायची त्याला भीती नव्हती. गडीही बोलू लागला. त्या वर्षी विहिरीच्या मोटारीला जळका वास आला तेव्हा त्यानं त्याच घटकेला सांगितलं, आणि मोटार जळण्याआधी दुरुस्त झाली.

बोध असा, की भिणाऱ्याला धाकानं गप्प करता येतं, निर्भय करता येत नाही. गप्प झालेली भीती संपलेली नसते. ती सांगायची थांबलेली असते, आणि न सांगता येणारा घाव सगळ्यांत खोल लागतो. म्हणून कुत्रं गुरगुरलं तर मागं सरावं, लेकरू रडलं तर आधी कारण विचारावं, हाताखालचा माणूस नको ती बातमी घेऊन आला तर ती पुरती ऐकून घ्यावी. ज्याला मागं सरकायची मुभा मिळते, तोच एक दिवस आपल्या पायानं पुढे येतो.